डाव्या बाजूचा दाणा

गुरुवारी सकाळी फिलेमोन काकांच्या डाव्या बाजूला माझ्या बोटाला दाणा लागला. कच्च्या मुगाएवढा आणि तितकाच टणक. काका तेव्हा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मनिलातल्या क्वियापोच्या पुलावर नव्या हवालदाराने जीपनीवाल्यांचा कसा छळ मांडलाय ते मला सांगत होते. बत्तीस वर्षं त्यांनी त्या रस्त्यावर जीपनी, म्हणजे प्रवाशांची लांब जीप, चालवली, आता दुखण्याने दोन तासांच्या वर बसवत नाही. माझं बोट थांबलं, काकांचं बोलणं थांबलं नाही. ही त्यांची चौदावी खेप. आधीच्या तेरा खेपांत ती जागा मऊ होती, मूठ वळल्यावर अंगठ्याच्या मुळाशी मांस येतं तशी. मी बोट बाजूला घेतलं, उजवीकडून हलकेच दाब दिला, काचपट्टीवर जेमतेम थेंब घेतला, हातमोजा काढला आणि नळ सोडला. नळाचं पाणी वाहायला लागलं की काका उठून पँट चढवायचे आणि पाणी थांबलं की वळायचे, ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची रीत. दोघांच्या लाजेवर तेवढाच एक पडदा. त्या दिवशी मी जरा जास्त वेळ हात धुतले असावेत, कारण वळलो तेव्हा काका टोपी घालून माझ्याकडे बघत उभे होते. शनिवारी येतो म्हणाले. मी म्हटलं, या.

माझा धंदा चारचौघांत सांगण्यासारखा नाही. कुणी विचारलंच तर मूत्रविकारांचा डॉक्टर एवढं सांगून मी भाताच्या ताटाकडे वळतो. तरी बातमी पसरायची ती पसरते, आणि माझी मेहुणी गेली एकोणीस वर्षं माझ्या हातून पाव घेत नाही. प्रोस्टेट नावाची ग्रंथी आपल्याला आहे हे बहुतेक पुरुषांना ती दुखायला लागल्यावर कळतं. ती सुजते, तिच्यातल्या केसाएवढ्या नळ्या तुंबतात, औषध आत पोचत नाही, आणि माणूस वर्षानुवर्षं जळजळ आणि ओटीपोटातला ठणका सोसत चिडखोर होत जातो. आमच्या दवाखान्यातली रीत जुनी आहे. एक दिवसाआड, गुदद्वारातून बोट घालून, ग्रंथी कडेकडून मध्याकडे चोळायची. तुंबलेलं बाहेर काढायचं आणि आलेला थेंब शेजारच्या खोलीत ग्लिसीकडे द्यायचा. ती मायक्रोस्कोपखाली पुवाच्या पेशी मोजते, त्याप्रमाणे औषध बदलतं. पुष्कळ डॉक्टर या रीतीला नाकं मुरडतात. पण घरच्या डॉक्टरांनी हात टेकलेले पुरुष लांबलांबून मनिलात येतात, आमच्या गल्लीत खोल्या घेऊन राहतात आणि समोरच्या खाणावळीत नाश्त्याला बसून एकमेकांना आपापले आकडे सांगतात, जसे झुंजीवाले आपल्या कोंबड्यांची वजनं सांगतात. काही बरे होतात, काही होत नाहीत. मी कधी मोठे दावे केले नाहीत. माझं बोट खोटं बोलत नाही, एवढाच माझा गर्व होता, आणि तो मी कोणाला दाखवत नसे.

काकांच्या मागून हाल्वोर आला. नॉर्वेचा, सहा फूट चार इंच, त्याचे पाय नेहमी पलंगाबाहेर. त्याच्या डाव्या बाजूला दाणा होता. त्याच जागी, तेवढाच. एकाच दिवशी दोघांना, असं होऊ शकतं, मी स्वतःला सांगितलं. तिसरा एक शाळामास्तर, त्यालाही होता. चौथ्याला होता. पाचव्याच्या आधी मी मोजा बदलला आणि नवा खिडकीच्या उजेडात धरून त्याच्या टोकाला रबराची गाठ आहे का ते पाहिलं. मोजा स्वच्छ होता. पाचव्याच्याही डाव्या बाजूला दाणा होता. सहाव्याला मी आयुष्यात पहिल्यांदा डावा हात वापरला. डाव्या बोटाला या कामाची सवय नाही. ते जरा वेळ आंधळ्यासारखं चाचपडलं आणि मग, कोणी हाताला धरून नेऊन बसवावं तसं, बरोबर तिथेच जाऊन टेकलं. पलंगावरचा माणूस म्हणाला, डॉक्टर, आज काही वेगळं करताय का? मी म्हटलं, नाही, हात अवघडलाय.

दुपारी ग्लिसी काचपट्ट्यांचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली. सतरा वर्षं आम्ही शेजारच्या खोल्यांत काम करतोय, तिची जीभ माझ्यापुढे कधी अडखळली नाही. "काय डॉक्टर, उपास धरलाय का? सगळ्यांचे थेंब निम्म्यावर. मी काय हवा मोजू?" मी म्हटलं, हात दुखतोय. तिने चष्मा कपाळावर सरकवला. "गार पाण्याखाली हात धरता दिवसभर. पास्मा झालाय, दुसरं काय." आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कामाने तापलेल्या हाताला गार पाणी लावलं की ते शिरांत शिरतं, मग हात कापतात, बधिर होतात, नाही ते लागायला लागतं. वैद्यकाच्या पुस्तकात पास्मा कुठेही नाही. मी एकोणीस वर्षं त्याला हसत आलोय. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन कोमट पाण्यात मीठ टाकलं आणि शहाण्या मुलासारखा हात बुडवून बसलो.

खरं सांगायचं तर मला पास्मा हवा होता. पास्मा असला की दाणा माझ्या हातात, माणसांत नाही. नाहीतर सहा जणांच्या पोटात एकाच दिवशी, एकाच जागी, एकाच मापाची गाठ उगवली असं मानावं लागणार, आणि तसं मानणाऱ्या डॉक्टरला लोक मोजा घालू देत नाहीत. पण मग त्यातला एक तरी खरा असला तर? गाठ कर्करोगाची असण्याची शंका आली की चोळणं बंद, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. दाबाने बी पसरेल ही भीती. ती खरी की खोटी कोणी छातीठोक सांगत नाही, पण त्या गाठीवर बोट फिरवायचं पाप कोणी करत नाही. रक्त तपासून घ्यावं, तर तीही वाट बंद होती, कारण चोळलेल्या ग्रंथीचा रक्तातला आकडा कित्येक दिवस उगाच चढलेला राहतो, आणि माझ्या सहाही माणसांना मी एक दिवसाआड चोळत होतो. आकडा सगळ्यांचाच खोटा आला असता. सुई घालून तुकडा काढायचा तर कोणाचा? सहाही जणांचा काढतो म्हटलं असतं तर मोठ्या डॉक्टरांनी मलाच पलंगावर निजवून डोकं तपासलं असतं. शेवटी निवाडा माझ्या बोटाकडेच होता, आणि बोट सहाही जणांविरुद्ध साक्ष देत होतं.

शुक्रवारी दाणा दवाखान्याबाहेर पडला. सकाळी मी गरम पांदेसाल मोडला आणि पावाच्या मऊ पोटात, डावीकडे, बोटाला दाणा लागला. पाव चुरून पाहिला, काही नव्हतं. उशीत होता. गाडीच्या स्टिअरिंगवरच्या कातड्याखाली होता. चर्चमध्ये शुक्रवारच्या मिस्सेत, एकमेकांना शांती द्यायची वेळ आली तेव्हा, माझ्या बायकोने हात पुढे केला तर तिच्या तळव्यात होता, आणि मी हात इतक्या झटकन मागे घेतला की ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. विचित्र म्हणजे बाकी सगळं बोटाला कमी कमी लागत होतं. लोखंड गार लागेना, कापडाचा पोत कळेना. जगातल्या सगळ्या वस्तू पातळ होत गेल्या होत्या आणि त्या सगळ्यांत तेवढा एक टणक ठिपका उरला होता. बसल्या जागी मी अंगठ्याने तर्जनीचं टोक दाबत राहायचो. तिथे काहीच नसायचं. मला भीती वाटत होती. डॉक्टरला वाटते तशी, आकड्यांची आणि शक्यतांची भीती वेगळी. ही लहानपणची होती, अंधाऱ्या मोरीत कोणीतरी आधीच उभं आहे असं वाटतं तेव्हाची.

शनिवारी फिलेमोन काका आले. मी मोजा घातला, जेली लावली, बोट आत घातलं आणि कशालाच न लावता तसंच धरून ठेवलं. साठपर्यंत मोजलं. काचपट्टीवर काही आलं नाही तेव्हा म्हटलं, आज कोरडं आहे, चांगली खूण आहे. काका भिंतीकडे बघतच म्हणाले, "डॉक्टर, एक विचारू? बायको रोज विचारते, आणि मी रोज तिला सांगतो, डॉक्टर काही बोलले तर सांगेन. सगळं ठीक आहे ना?"

"स्वच्छ आहे, काका," मी म्हटलं.

आणि नळ सोडला. पाणी बोटांवर पडत होतं आणि माझ्या कानात तोच शब्द माझ्याच आवाजात, पण जास्त कोवळ्या आवाजात वाजत होता. मी तो एकदाच, चोवीस वर्षांपूर्वी, तेवढ्याच सहज उच्चारला होता. त्यानंतर हजारो पुरुषांना मी बरं आहे, सूज उतरलीय, चांगलं चाललंय असं सांगितलं असेल, पण स्वच्छ हा शब्द कधी वापरला नव्हता. कसा चुकवत आलो ते मलाही कळलं नव्हतं.

बाबा मनिलाजवळ मारिकिनाला चपला-बूट बनवायचे. त्यांच्या अंगाला कायम कातड्याचा आणि सरसाचा वास. लघवीला अडायला लागलं तेव्हा त्यांनी आईला सांगितलं की परक्याचा हात मी लावून घेणार नाही, माझा मुलगा डॉक्टर होतोय तो बघेल. मी शेवटच्या वर्षाला होतो. सरकारी इस्पितळातली एक रिकामी खोली मिळवली, दार लावलं. बाबा पलंगावर चढले आणि विचारलं, तोंड कुठे करू? भिंतीकडे, मी म्हटलं. जन्मात ज्यांच्यापुढे मी मान वर करून बोललो नाही, त्यांनी माझ्यासमोर गुडघे पोटाशी घेतले. त्यांची पाठ किती लहान होती. मला ते लवकर आटपायचं होतं, एवढंच मला आठवतं. आणि डाव्या बाजूला दाणा होता. मुगाएवढा. माझं बोट तेव्हा अजून शिकाऊ होतं. पुस्तकात वाचलं होतं की असं लागतं, लागलं कधी नव्हतं. मी हात धुतले आणि म्हटलं, काही नाही बाबा, स्वच्छ आहे. मनात होतं की उद्या सरांना विचारू, खात्री करून घेऊ, मग सांगू. उद्याचा परवा झाला. महिन्यावर परीक्षा होती. आणि खरं कारण सांगू? सरांना दाखवायचं तर बाबांना पुन्हा तसं निजावं लागलं असतं, चार विद्यार्थ्यांसमोर, आणि त्यांचा मुलगा म्हणून मी तिथे उभा असतो. ती लाज माझ्याने पेलवली नसती. दोन वर्षांनी त्यांच्या पाठीच्या कण्यात दुखायला लागलं तेव्हा सगळे म्हणाले, वाकून वाकून बूट शिवल्याने. बी कण्यात पोचलं होतं, आणि त्यातच ते गेले.

रविवारी दुपारी मी मारिकिनाला आईकडे गेलो. आई एक्क्याऐंशीची आहे, हिलोत आहे, म्हणजे अंग चोळून माणसं बरी करते. आता डोळ्यांना कमी दिसतं तरी गल्लीतल्या बाया मुरगळलेले पाय घेऊन येतात. ती तासन् तास चोळते आणि नंतर सकाळपर्यंत हाताला पाण्याचा थेंब लावत नाही. तेलकट हात तसेच फडक्यात गुंडाळून झोपते. मला ती गेली कित्येक वर्षं एकच गोष्ट बजावतेय, काम झाल्यावर लगेच हात धूत जाऊ नकोस. प्रत्येक भेटीत. निघताना फाटकातून सुद्धा. मी म्हणायचो, आई, माझं काम असं आहे की न धुऊन कसं चालेल. ती म्हणायची, मग थांबून धू, पण लगेच नको, आणि इतका वेळ नको.

आंबट मासा आणि भात खाऊन झाल्यावर मी तिला हात दाखवला. म्हटलं, बोटाला नाही ते लागतंय. तिने मागच्या अंगणातून केळीचं कोवळं पान आणलं, विस्तवावर धरून मऊ केलं, खोबरेल तेल लावलं आणि माझ्या तळव्यावरून हळूहळू ओढलं. ही तिची तपासणी. पान जिथे अडखळतं तिथे दुखणं. तळव्यावरून पान घसरलं, चारी बोटांवरून घसरलं. तर्जनीवरून तिने ते तीनदा ओढलं, टोकापर्यंत. कुठेही अडखळलं नाही.

"हातात काही नाही," ती म्हणाली. "पास्मा नाही. कोणाचा लागला तुला?"

मी सांगितलं, सगळ्यांचा. सहाच्या सहा जणांचा. पावातसुद्धा. ती हसेल असं वाटलं होतं. तिने पान घडी करून मांडीवर ठेवलं.

"पहिला कोणाचा?"

मी फिलेमोन काकांचं नाव सांगणार होतो. तोंड उघडलं आणि ते नाव आलं नाही. मी तिच्या तेलकट हातांकडे बघत बसलो. बाहेर शेजाऱ्यांचा झुंजीचा कोंबडा दोरीला हिसके देत होता.

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "ते त्या दिवशी घरी आले आणि जेवायला बसले नाहीत. म्हणाले, पोराला सापडलंय. मी विचारलं, त्याने सांगितलं तसं? म्हणाले, नाही, तो म्हणाला स्वच्छ आहे. पण हात धूत राहिला गं. मी पँट घातली, पट्टा लावला, बुटाच्या नाड्या बांधल्या, तरी त्याचं पाणी चालूच. इतका वेळ कोण धुतं?"

मला वाटतं मी म्हटलं, मग ते दुसरीकडे का नाही गेले, तू मला का नाही बोललीस. असंच काहीतरी. माझा आवाज मला ऐकू येत नव्हता.

"मी म्हटलं दुसऱ्याला दाखवा. म्हणाले, दुसऱ्याने सांगितलं तर पोराला कळेल की आपलं खोटं पकडलं गेलं. परीक्षा होऊ दे त्याची. मला शपथ घातली. मग परीक्षा झाली, तरी शपथ त्यांनी सोडवली नाही, मग ते गेले. मग सांगून काय करायचं होतं?" तिने माझं बोट हातात घेतलं आणि तिच्या पद्धतीने, मुळापासून टोकाकडे, दाबत दाबत चोळलं. "इथे येतोस आणि जेवल्यावर नळ सोडतोस ना, मी मागच्या अंगणात जाते. अजून ऐकवत नाही मला."

मला रडू आलं नाही. येईल असं वाटत होतं. मी फक्त एवढंच मोजत होतो, की बाबा त्यानंतर दोन वर्षं माझ्यासमोर रोज जेवायला बसत होते, माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवशी त्यांनी मला स्वतः शिवलेले काळे बूट दिले होते, आणि त्या सगळ्या वेळात त्यांना ठाऊक होतं. मी लपवत होतो आणि ते माझं लपवणं सांभाळत होते. आईने माझा हात चोळून झाल्यावर फडक्याने पुसला. म्हणाली, आता उद्यापर्यंत पाणी लावू नकोस. मी लावलं नाही. तेलकट हाताने गाडी चालवत घरी आलो आणि स्टिअरिंगवरचं कातडं नुसतं कातडं होतं.

सोमवारी पहिला हाल्वोर होता. त्याच्या डाव्या बाजूला काही नव्हतं. मी दोनदा, तीनदा फिरलो, तो कण्हला तेव्हा माफी मागितली. सगळीकडे मऊ, जरा सुजलेलं, जिवंत. शाळामास्तरालाही नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, कारण बोट आता खरं बोलत होतं आणि पुढचा नंबर कोणाचा ते मला ठाऊक होतं. ग्लिसीने दारातून डोकं घालून सांगितलं की आज थेंब भरपूर आहेत, पास्मा उतरला वाटतं. मग बाहेर जाऊन तिने फिलेमोन काकांना हाक मारली.

काका कुशीवर वळले, गुडघे पोटाशी घेतले. त्यांची पाठ लहान नव्हती. रुंद, बत्तीस वर्षं जीपनीच्या गादीला टेकलेली पाठ. ते सांगत होते की पुलावरचा तो हवालदार बदलून गेला, देव आहे. मी बोट घातलं. उजवी बाजू मऊ. मधली रेघ जागेवर. डावीकडे सरकलो. दाणा होता. मुगाएवढा, टणक, काठ स्पष्ट, आपल्या जागी घट्ट बसलेला. मी त्याला फक्त टेकलो, दाबलं नाही. नक्की होण्यासाठी एकदा पुन्हा टेकलो. मग बोट काढलं, मोजा उलटा करून डब्यात टाकला.

नळ माझ्या कोपराशी होता. काका उठून उभे राहिले, पाठमोरे, पँट गुडघ्यापर्यंत वर घेऊन, आणि तिथेच थांबले. ते पाण्याची वाट बघत होते. पंधरा खेपांत त्यांनी पाण्याच्या आवाजाशिवाय कधी पट्टा लावला नव्हता. खोलीत पंख्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. त्यांच्या मानेमागची शीर ताठ झालेली मला दिसली, आणि मला कळलं की न वाहणारं पाणी पण तितकंच बोलतं. माझा हात नळाकडे गेला. तो हात त्या दिवशी माझा नव्हता, तो चोवीस वर्षांपूर्वीच्या त्या पोराचा होता आणि त्याला पाणी हवं होतं, खूप वेळ. मी तो मागे घेतला, स्टुलावर बसलो आणि मांडीवर ठेवला.

"काका, पँट घाला आणि इकडे वळा," मी म्हटलं. "डाव्या बाजूला एक गाठ लागलीय मला. गुरुवारीच लागली होती. शनिवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

ते सावकाश वळले. पट्टा लावताना एक भोक चुकलं, ते त्यांनी पुन्हा लावलं. मग समोरच्या खुर्चीत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवून. मी सगळं सांगितलं. आता चोळणं बंद, सुईने तुकडा काढावा लागेल, गाठ लहान आहे, लहान असताना सापडली, आणि त्यासाठी इस्पितळात मी स्वतः बरोबर येईन. ती काय आहे ते सुई सांगेल, मी नाही. खिडकीतून खाली कोणीतरी जीपनी सुरू करत होता, इंजिन दोनदा गुरगुरून बंद पडलं, तेव्हा फक्त त्यांची मान तिकडे वळली. मग त्यांनी माझ्या मांडीवरच्या हाताकडे बघितलं.

"जा, हात धुऊन घ्या, डॉक्टर," ते म्हणाले. "मी बसलोय."